लाल फडकं कुणीच लावलं नाही

फार जुन्या काळी, राजेराण्या स्वतः बाजारात भाजी निवडायला जायच्या त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्यांची आहे.

डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. वर मोठा तलाव, तलावाला लांबलचक मातीचा बांध आणि बांधाच्या पायथ्याशी गजबजलेली खालची पेठ. बांधाला ठिकठिकाणी लाकडी दरवाजे होते. एक दरवाजा उचलायचा तर गावातली सारी तरणी माणसं घामाघूम व्हायची. मग एका लोहाराच्या मुलाने चाकं आणि साखळ्या जोडून अशी युक्ती केली, की एकट्या माणसाने चाक फिरवावं आणि दरवाजा अलगद वर यावा. राणी बेहद्द खूश झाली. त्या मुलाचं नशीब फळफळलं आणि बढत्या मिळत मिळत तो राज्याचा यंत्रप्रमुख झाला. बांध, दरवाजे आणि दरवाजांचे सगळे राखणदार त्याच्या हाताखाली आले. त्याची लेकसुद्धा मधल्या दरवाजाची राखणदार होती.

माणूस वाईट नव्हता हो. कामाला वाघ होता. पण रोज सकाळी राखणदारांची बैठक भरायची आणि तिथे त्याचं डोकं उठायचं. एक म्हणायचा, आज लाटांचा आवाज वेगळा येतोय. दुसरा म्हणायचा, बेडूक गप्प का झालेत? अर्धा दिवस असाच जायचा. एकदा तो वैतागला आणि त्याने नियमच करून टाकला.

"शंका आणायची तर उपाय घेऊन या," तो म्हणाला. "नुसती शंका माझ्या दारात आणू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. राणीनेही कौतुक केलं. नियम असा होता, की सारं ठीक असेल तर राखणदाराने दरवाजाजवळच्या आपल्या झोपडीवर पांढरं फडकं लावायचं, शंका असेल तर लाल. लाल लावणाऱ्याने बैठकीत सर्वांसमोर उभं राहायचं आणि उपाय सांगायचा. सुरुवातीला काही जण उभे राहिले. "बरं, मग उपाय?" असं प्रमुखाने विचारलं की ते जमिनीकडे बघत राहायचे आणि बाकीचे गालात हसायचे. मग कोण कशाला आपली शोभा करून घेईल? हळूहळू लाल फडकी दिसेनाशी झाली. बैठका तोंडातलं पान संपायच्या आत उरकायला लागल्या. आपलं खातं कसं घड्याळासारखं चालतं, म्हणून प्रमुखाची छाती फुगायची.

पुढे एक विचित्र वर्ष आलं. अवेळी ढग दाटले, वर डोंगरात दरडी कोसळल्या, तलावाचं पाणी कधी हिरवं तर कधी तांबूस दिसू लागलं. जाणत्या म्हाताऱ्यांनीही असलं वर्ष पाहिलं नव्हतं. शेतं तर कापणीला आलेली होती.

राणीने प्रमुखाला बोलावून घेतलं.

"खालची पेठ रिकामी करू का?" तिने विचारलं. "केली तर लोकांचा हंगाम जाईल, ते मला शिव्या देतील. त्याची मला फिकीर नाही. बांधाचं काही भय वाटतं का, तेवढं मला सांगा."

त्या सकाळीच प्रमुखाने बांधाच्या उतारावर एक ओलसर पट्टा पाहिला होता. तो कशाने आला आणि त्यावर काय करावं, हे त्याला कळलं नव्हतं. पण राज्याच्या यंत्रप्रमुखाने "मला ठाऊक नाही" असं म्हणायचं तरी कसं? त्याने खिडकीतून बांधाकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी फडकी फडफडत होती. त्याला केवढा धीर आला!

"राणीसाहेब, निर्धास्त राहा," तो म्हणाला. "एकाही राखणदाराला शंका नाही."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोक जेवायला बसले असताना, बांध मधोमध फुटला.

काय सांगू त्या दुपारचं! गर्जना झाली ती आभाळ कोसळल्यासारखी. पाण्याने पेठेतली दुकानं, गोठे, चुली, सारं एका घासात गिळलं. जे टेकडीवर पोचले ते अंगावरच्या कपड्यांनिशी वाचले. सगळे पोचले नाहीत.

प्रमुख धावत बांधावर गेला. त्याला वाटत होतं, ही वीज न सांगता कोसळली. राखणदार चिखलात थिजून उभे होते.

"कुणालाच काही दिसलं नाही?" तो ओरडला.

"दिसलं होतं, धनी," पहिल्या दरवाजाचा राखणदार म्हणाला. "माझ्या दारापाशी पाझर फुटला होता."

"माझ्याही," दुसरा म्हणाला. "मला वाटलं, माझ्याच दाराशी आहे."

एकेक जण बोलू लागला. प्रत्येकाने पाहिलं होतं! प्रत्येकाने!

"मग लाल फडकं का नाही लावलं?"

"उपाय कुठं ठाऊक होता, धनी?"

प्रमुखाने लेकीकडे पाहिलं. निदान ती तरी मान हलवून नाही म्हणेल, अशी त्याला वेडी आशा होती.

"आप्पा, मीसुद्धा पाहिलं होतं," ती म्हणाली.

"तू? अगं, काल आपण एका पंगतीला जेवलो! घरात तरी बोलायचंस!"

"दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही विचारलं असतंत, बरं, मग उपाय? माझ्याकडे नव्हता हो, आप्पा."

तो तिथेच चिखलात बसला.

संध्याकाळी त्याला टेकडीवर राणीसमोर उभं केलं. भोवती भिजलेली, सुन्न झालेली माणसं बसली होती. कुणी रडतही नव्हतं.

"तुम्हाला स्वतःला शंका आली नव्हती?" राणीने विचारलं.

आता खोटं बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. "आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्यापाशी उपाय नव्हता, राणीसाहेब."

राणीला हे ऐकून जेवढा धक्का बसला, तेवढा बांध फुटल्याचाही बसला नसेल.

"उपाय तुमच्याकडे मागितला होता कुणी?" ती म्हणाली. "भय वाटतं का, एवढंच विचारलं होतं मी. तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात, तर रात्रीच्या आत मी पेठ रिकामी केली असती. उपाय माझ्यापाशी होता!"

प्रमुखपद त्याच दिवशी गेलं. नवा बांध उभा राहिला, तेव्हा तो इतरांबरोबर मातीची घमेली वाहत होता. लेक त्याच्या शेजारीच राबायची. लोक त्याला टाकून बोलत नसत, उलट दुपारी आपल्यातली भाकरी देत. तो ती हातात घेऊन बसून राही.

तात्पर्य: उपाय नसला तरी शंका बोलून दाखवावी आणि मोठ्यांनी ती ऐकून घ्यावी, कारण उपाय दुसऱ्या कुणापाशी असू शकतो.