हातोड्यांच्या आवाजात ऐकलेलं औषध

फार पूर्वी, राजे हत्तीवरून फिरत तेव्हा, एका गावात तांबट आळी होती. दिवस उगवला की घराघरांतून हातोडे सुरू होत, ते दुपारच्या जेवणाला काय ते थांबत. हंडे, घागरी, पराती ठोकून ठोकून तिथल्या माणसांना एक खोड जडली होती. कुणी काही सांगितलं की आधी मान हलवायची. ऐकू आलं की नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक.

त्या आळीत एक म्हातारी राहायची. ठणठणाटात ती खुशाल झोपे आणि त्याचा तिला भारी तोरा. सून आली होती डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यातून. आळीत तिचं डोकं उठायचं. कामाचं काही ऐकायचं असलं की ती माणसाला मागच्या परसात बोलवायची, तिथे आवाज कमी पोचे. म्हातारी शेजारणींना सांगे, "कापसाचे कान घेऊन आलीय. चार भांडी वाजली की हिची अक्कल सांडते."

एकदा नातू तापाने फणफणला. वैद्यबुवा आले. त्यांनी दोन मुळ्या दिल्या, एक काळी, एक तांबूस. एक उगाळून पोटात द्यायची, दुसरी कपाळाला लावायची. लावायची ती विषारी, जिभेला लागता कामा नये. सुनेने त्यांना परसात चला म्हणून विनवलं. म्हातारीने तिला गप्प केलं, स्वतः समोर बसली आणि हातोड्यांच्या ठणठणाटात ते कुठली कशाला हे सांगत असताना मान हलवत राहिली. वैद्यबुवांना नाव गाठायची होती. ते निघाले.

सुनेने विचारलं, पोटात कुठली?

"काळी. मी काय बहिरी आहे?"

"आत्याबाई, मला नीट कळलं नाही. धावत जाऊन विचारून येते."

"तुला कळलं नाही, मला कळलंय. बस खाली."

म्हातारीने सहाणेवर काळी मुळी उगाळून वाटीत घेतली आणि पोराचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात जेवणवेळ झाली. हातोडे थांबले.

त्या शांततेत तिने वैद्यबुवांचं बोलणं मनाशी घोळवून पाहिलं. पांढरी मिशी आठवली, हलणारे ओठ आठवले. एका मुळीत विष आहे, एवढंही आठवलं. कुठल्या, ते आठवेना. काळी हे तिच्या कानांनी ऐकलंच नव्हतं. रिकामी जागा तिच्या मनानेच भरून टाकली होती.

तिने वाटी खाली ठेवली. सुनेच्या तोंडाकडे बघणं जिवावर आलं, तरी बघितलं.

"मला आठवत नाही गं," ती म्हणाली. "पोराला धर. मी जाते."

भर उन्हात ती अनवाणी नदीपर्यंत पळाली. वैद्यबुवा नावेत पाय टाकत होते. त्यांनी पुन्हा सांगितलं: पोटात तांबूस, काळी कपाळाला. म्हातारीने ते त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं, मगच त्यांना जाऊ दिलं.

पोर वाचलं. ते हिंडूफिरू लागल्यावर म्हातारी आळीच्या चौकात उभी राहिली आणि आपण काय करून बसलो असतो ते सुनेदेखत सगळ्यांना सांगितलं. वर बजावलं, की इथून पुढे कुणाच्या घरी कामाचं बोलणं चालू असताना जो ठोकत बसेल, त्याचा हातोडा ती विहिरीत टाकेल. पुरुषमंडळी कुरकुरली. पण म्हातारी बोलल्याप्रमाणे करते हे त्यांना माहीत होतं, म्हणून थांबू लागली.

बोध: गोंगाटाची सवय कानांना होते, मनाला होत नाही; म्हणून जे लक्षात ठेवायचं, ते शांततेत ऐकावं.