राणीचा सोनचाफा

एक होती राणी. तिला राजाही होता, पण तो गेलाय लढाईवर, त्याला राहू दे तिकडेच. राणीनं माहेरच्या अंगणातून सोनचाफ्याचं रोप आणलं होतं. तिची आई नुकतीच वारली होती. तिची म्हणून एवढीच खूण उरली होती.

ते रोप राणीनं चंद्राईच्या हाती दिलं. चंद्राई म्हणजे राजवाड्याची म्हातारी माळीण, बरं का. राणी म्हणाली, "चंद्राई, एवढं जगव गं."

दिवस उन्हाळ्याचे. ऊन नुसतं भाजून काढत होतं, विहीर तळाला गेली होती. चंद्राईनं पदर खोचला. आधी रोप लावून भोवती आळं केलं. मग आळ्यात वाळका पाचोळा पसरला, ओल उडून जाऊ नये म्हणून. मग अक्षय्य तृतीयेचा चांगला दिवस बघून रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि पाण्यानं भरलं. मडकं हळूहळू झिरपतं, मुळं हळूहळू पितात. पण राणीचं रोप ना ते! म्हणून या बाईनं काय करावं? पुरायच्या आधी मडक्याला आतून-बाहेरून तेल चोळचोळून चकचकीत केलं.

पहिल्या दिवशी पानं मलूल झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माना टाकल्या. तिसऱ्या दिवशी शेंडा काळा पडायला लागला. मडकं मात्र काठोकाठ भरलेलं! चंद्राई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. आता राणीला तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात पाचोळ्याखालून एक जाडजूड बेडूक बाहेर आला. म्हणाला, "रडतेस काय, चंद्राई? तीन दिवस गारव्यासाठी तुझ्या मडक्याला पाठ लावून बसलोय. पाठ अजून कोरडी ठाक!"

चंद्राईनं कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! तेलानं मडक्याची सगळी बारीक भोकं बुजली होती की. पाणी झिरपणार कुठून?

ती तशीच घरी धावली. घरात एकच मडकं होतं, तिचं प्यायच्या गार पाण्याचं. तेच तिनं उचललं आणि रोपाजवळ पुरलं. वैशाखभर बिचारी तांब्यातलं कोमट पाणी प्यायली, पण कुरकुरली नाही हो.

मग चाफ्याला तांबूस पालवी फुटली. मग कळी आली. मग एका सकाळी पिवळंधमक फूल उमललं.

राणी आली. फूल हुंगून हसली, रडली, पुन्हा हसली. मग तिनं ते अलगद खुडलं आणि चंद्राईच्या पांढऱ्या अंबाड्यात खोवलं.

चंद्राई गडबडली. "अहो राणीसाहेब, तुमच्या आईचं फूल ते. तुम्ही माळायचं!"

राणी म्हणाली, "आईलाच माळतेय."

मग दोघी सुखानं राहिल्या. चला, आता चुळबुळ पुरे. मिटा डोळे, आणि निजा बघू शहाण्यासारखे.