सात नावांचा रंधा

एका राज्यात दारं अशी बसत की लावल्यावर फटीतून मुंगीसुद्धा आत येत नसे. प्रत्येक चौकटीच्या काठाला एक देखणं वळण असे, वर गोल आणि खाली खोल. सुतार त्याला गलता म्हणत. गलत्यासाठी वेगळाच रंधा लागे, कारण त्या रंध्याच्या पोटालाच ते वळण दिलेलं असे. राज्याच्या निशाणावरही असंच एक वळण होतं. पंडित सांगत, ही चंद्रकोर. राजाचा मूळपुरुष माणिकदेव चंद्रावरून उतरला, त्याची ही खूण. सांगोत बापडे.

तिथल्या सुतारांची एक रीत होती. जुना रंधा नव्या हातात गेला की नवा धनी आधीच्या नावाखाली लोखंडी अक्षरठशांनी आपलं नाव ठोकी, आणि पहिला हात मारण्याआधी वरपासून सगळी नावं मोठ्यानं घेई. नावं घेतली नाहीत तर रंधा चालत नसे. नसे म्हणजे नसे!

रायाजी सुताराकडे सात नावांचा रंधा होता. तो डाव्या हाताचा, म्हणून डावखुऱ्या शिष्यालाच मिळे. रायाजी नावं घेई ती अशी: "पहिला धनी, ज्याचं नाव झिजलं. मग भिवा, मग जानू, मग सटवा, मग खंडू, मग लिंबा, मग मी." त्याची लेक येसू शेजारी उभी राहून ऐके. तीही डावखुरी होती.

राजा मणिध्वज गादीवर आला आणि त्याला झगमगाटाचं वेड लागलं. त्याच्या पदरी उजळनाथ नावाचा जादूगार. ज्यावर हा हात फिरवी ते लखलखे, आणि लखलखलं की आपला धनी विसरे. दवंडी पिटली गेली: "जुनी हत्यारं वाड्यावर आणा, उजळून परत देऊ!" परत देऊ म्हणे! सुतारांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. उजळनाथानं सातशे रंधे घासले, त्यांवरची नावं मळ म्हणून पुसली, पातं आवळून धरणाऱ्या लाकडाच्या पाचरी काढून चांदीच्या ठोकल्या आणि सगळे रत्नशाळेत भिंतीवर टांगले. कामाची हत्यारं भिंतीला! बघायला! कर्म माझं, याला डोळे म्हणायचे की खाचा?

त्याच दिवशी रायाजीचे दोन्ही हात मनगटापासून लाकडाचे झाले. बोटं मिटेनात, पाण्याचा तांब्या उचलेना. त्याच दिवसापासून राजाही सोन्याचे हातमोजे घालू लागला. त्याला घास भरवायला दोन सेवक ठेवले गेले. दरबारानं म्हटलं, वा, काय हा थाट!

बापाला भरवून येसू उठली.

"आबा, मी वाड्यावर जाते."

"ते ऐकायचे नाहीत, पोरी."

"न ऐकून सांगतात कुणाला!"

वाटेत शिसवीचा एक जुना बुंधा होता. त्यावर सुतारपक्षी बसला होता. तो बोलला, "येसू, थांब. ज्या घराचं नाव हत्यारावरून कुणी पुसलं, त्या घरातल्या थोरल्याचे हात लाकूड होतात. नावं लाकडावर परत उमटली की हात परत येतात. तुमचा रंधा याच झाडाचा. काही लागलं तर टाळी वाजव."

"उपकार झाले," येसू म्हणाली, आणि चालू लागली.

दरबारात पोचली तेव्हा वारा घोंघावत होता. वाड्याची दारं नीट लागतच नव्हती. राज्यात चालता रंधा उरला नव्हता, तर लागणार कशी? येसू सिंहासनासमोर उभी राहिली.

"महाराज, आमचा रंधा परत द्या."

"तो आता रत्न आहे," राजा म्हणाला.

"रत्न घाला चुलीत! माझ्या बापाचे हात लाकडाचे झालेत."

राजानं आपले हातमोजे शेल्याखाली ओढले. उजळनाथ हसून म्हणाला, "महाराज, हिला तीन कामं द्या. केली तर रंधा न्यावा. नाही केली तर हिचेही हात लाकडाचे करीन."

"मान्य," येसू म्हणाली.

पहिलं काम असं. सातशे रंध्यांतून आपला ओळखायचा, तोही डोळे बांधून. सगळे एका मापाचे, एका चकाकीचे. येसूच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. ती एकेक रंधा डाव्या हातात घेई आणि खाली ठेवी. उजळनाथ जांभया देऊ लागला. तीनशे अकराव्या रंध्याला तिचा अंगठा एका खड्ड्यात जाऊन बसला. सात धन्यांच्या सात डाव्या अंगठ्यांनी पाडलेला खड्डा होता तो!

"हा आमचा."

"खड्डा राहिला कसा?" उजळनाथ गुरकावला.

"घासलास तू. घासून खड्डा मोठाच होतो, शहाण्या."

दुसरं काम असं. याच रंध्यानं सागाच्या चौकटीवर गलता काढायचा, आणि छिलका या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघाला पाहिजे. येसूनं रंधा उलटा करून पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. रंध्याचं पोट वळणाचं, आणि आतलं पातं? त्या पठ्ठ्यानं चकाकावं म्हणून तलवारीसारखं सरळ घासून ठेवलं होतं! वळणाच्या पोटात सरळ पातं! सुताराच्या घरचं शेंबडं पोरही असं करायचं नाही, आणि हा म्हणे राजमान्य.

तिनं काजळ मागवलं, पात्यावर चोपडलं, पातं रंध्यात बसवलं आणि पोटाचं वळण सुईनं त्यावर ओरखडून घेतलं. मग त्या रेघेबरहुकूम धारेच्या दगडावर ती पातं घासत बसली. दुपार झाली, ऊन उतरलं. पातं वळणाला आलं तेव्हा तिनं चांदीची पाचर ठोकून पाहिली. ती सटकली. पुन्हा ठोकली, पुन्हा सटकली.

येसूनं टाळी वाजवली. सुतारपक्षी खिडकीतून आला आणि जुन्या बुंध्यातली शिसवीची एक चीप तिच्या मांडीवर टाकून गेला. दरबारात कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. तिनं चिपेची पाचर तासली आणि ठोकली. पातं घट्ट बसलं.

"पहिला धनी, ज्याचं नाव झिजलं," ती म्हणाली, "मग भिवा, जानू, सटवा, खंडू, लिंबा, रायाजी." आणि तिनं रंधा रेटला. एकदा, दोनदा, दहादा. शेवटच्या हाताला सळसळत छिलका निघाला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अखंड. चौकटीच्या कापल्या टोकाकडे राजा बघत राहिला. मग त्यानं मान वर करून निशाणाकडे पाहिलं.

"तिसरं काम," उजळनाथ घाईघाईनं म्हणाला. "सातही नावं या लाकडावर वाचून दाखव. तोंडानं घेतलेली चालायची नाहीत. आणि पहिलं तर तुलाही ठाऊक नाही!"

"नावं तू पुसलीस, आणि विचारतोस मला? लाज नाही वाटत?"

"नावं म्हणजे मळ, मुली."

येसूचे कान तापले. त्या मळातच तिच्या बापाचं उभं आयुष्य होतं. तिला वाटलं, हाच रंधा घालावा याच्या टाळक्यात. पण रंधा कामाचा होता. तिनं दात आवळले आणि म्हणाली, "मला ओलं फडकं द्या. आणि तापलेलं लोखंड."

फळीवर हातोडी चुकून बसली तर सुताराची बाई काय करते? खळग्यावर ओलं फडकं ठेवून वरून तापलं लोखंड फिरवते. दबलेलं लाकूड पाणी पिऊन वर येतं. आणि नाव ठोकायचं म्हणजे तरी काय? लाकूड दाबायचंच ना? वरचं घासून गेलं तरी खालचं दबलेलं तसंच राहतं. एवढं कळायला जादू लागत नाही, हाताला घट्टे लागतात.

फडक्यातून वाफ निघाली. येसूनं फडकं उचललं. जिथे अक्षरं खोल होती, तिथे आता ती फुगून वर आली होती. ती खालून वाचू लागली. "रायाजी. लिंबा. खंडू. सटवा. जानू. भिवा." मग ती थांबली. सगळ्यांत वर, झिजून गेलेल्या जागीही, अक्षरं उठली होती. शेजारी एक वळण होतं, वर गोल आणि खाली खोल.

"माणिकदेव," येसूनं वाचलं.

राजाच्या हातांवरून सोन्याचे मोजे गळून पडले. आतली लाकडी बोटं सगळ्यांनी पाहिली, आणि पाहता पाहता ती माणसाची झाली. तिकडे रायाजीनं आपल्या हातानं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याला.

"महाराज," येसू म्हणाली, "तुमचा मूळपुरुष चंद्रावरून उतरला नाही. सुताराच्या ठोकळ्यावरून उठून गादीवर बसला. आणि तुम्ही? त्याचंच नाव घासलंत, वर आपले हात लपवलेत! हीच पीडा माझ्या बापाला झाली हे ठाऊक असून गप्प बसलात!"

राजाची मान खाली गेली. "चुकलो," तो म्हणाला.

"मला नाही. त्यांना सांगा."

राजा सिंहासनावरून उतरला, अनवाणी रायाजीच्या दारी गेला आणि तिथेही तेच म्हणाला. उजळनाथाची जादू त्या वाफेबरोबरच गेली. त्याला राजाज्ञा झाली: प्रत्येक रंध्यावर ओलं फडकं ठेवायचं, नाव वर आलं की रंधा डोक्यावर घेऊन त्या घरी जायचं, आणि उंबऱ्यात उभं राहून सगळी नावं मोठ्यानं घ्यायची. सातशे खेपा झाल्या. घसा बसला त्याचा, आणि बरं झालं! घरोघरचे हात सुटले, वाड्याची दारं पुन्हा लागू लागली.

शेवटी रायाजीच्या अंगणात राजानं सात नावांचा रंधा एकदा हातात मागितला. न सांगता त्यानं तो डाव्या हातात घेतला, आणि अंगठा खड्ड्यात नेमका बसला. त्याचे डोळे भरून आले.

"येसू," तो म्हणाला, "याच्यावर आठवं नाव माझं ठोकू का?"

"नाही, महाराज," येसू म्हणाली. "आठवं माझं आहे."

तिनं बापाकडे पाहिलं. रायाजीनं आपल्या हातानं ठसे मांडून धरले, येसूनं हातोडी उचलली, आणि राजानं रंधा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.