दोन दातखुणांचे पान

सागाच्या आणि उंबराच्या दाट रानात दोन शेकरू राहत असत. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार, तांबूस पाठीची आणि झुबकेदार शेपटीची. हे दोघे सख्खे भाऊ होते. थोरला कमी बोले. धाकट्याला मात्र धीर कसा तो नव्हता. कुणी हाक मारली की तो आधी उडी मारी आणि कुठे जायचे ते मग विचारी. मुलांनो, या गोष्टीत थोरला फार आजारी पडतो. पण घाबरू नका, तो बरा होतो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल.

त्या रानात पुष्कळ दुकाने होती. मोर गळलेली पिसे देई, साळिंदर काटे देई, सुगरण विणलेली घरटी देई, अस्वल मध देई. बदल्यात फळे, बिया, शेंगा द्याव्या लागत. प्रत्येक दुकानाचा एक पक्षी असे आणि दुकानासमोर एक काटेरी झुडूप असे. ज्याला त्या दुकानाची खबर हवी, त्याने एक पान दातांनी चावून त्या काट्याला टोचून यायचे. पानावरच्या दातखुणेवरून पक्षी ओळखी की हे अमक्याचे पान. मग तो त्याच्या झाडावर येऊन सांगे, आज काय नवे आले, आज काय स्वस्त झाले. रीत चांगली होती. दुकानदाराचा माल खपे आणि गरिबालाही कधी कधी हवी ती वस्तू निम्म्या फळांत मिळे.

धाकट्याने सत्तेचाळीस दुकानांवर पाने टोचली होती.

त्यामुळे दिवस उगवला की त्यांच्या झाडावर कलकलाट सुरू होई. "मोरपिसं! एकावर एक फुकट!" असे टकाचोर पक्षी ओरडे. "साळिंदराचे काटे! पाचावर सहावा मोफत!" असे साळुंकी ओरडे. पोपट तर काय विकतो आहे ते न सांगताच, "शेवटचा दिवस! शेवटचा दिवस!" म्हणून किंचाळे, आणि त्याचा शेवटचा दिवस रोजच असे. धाकटा प्रत्येक हाकेला धावे आणि काही ना काही घेऊन येई.

"दादा, बघ! सहा काटे आणले. किमतीत पाचच्या!"

"छान आहेत," थोरला म्हणे. "पण आपण यांचं करायचं काय?"

"कान कोरायला!"

"आपले कान दोघांचे मिळून चार आहेत रे."

"मग दोन उरतील. पाहुणे आले तर?"

थोरला हसे. तो कधी रागावत नसे, हीच तर अडचण होती.

शेकरू एकाच वेळी बरीच घरटी बांधून ठेवतो. या दोघांची सहा घरटी होती. धाकट्याच्या सवलतींनी आधी एक घरटे भरले, मग दुसरे, मग तिसरे. खेकड्याच्या कवचांनी चौथे भरले. पाचवे शंखांनी आणि वारुळाच्या मातीने भरले. वारुळाची माती त्याने का घेतली, हे त्याचे त्यालाच सांगता आले नसते. ती स्वस्त होती एवढेच. आणि हे सगळे आणताना साठवलेल्या बिया आणि शेंगा मात्र संपत गेल्या. शेवटी मोरपिसे ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा थोरल्याने दोघांच्या निजायच्या घरट्यातल्या आपल्या जागेकडे बोट दाखवले.

"इथे ठेव. मी बाहेर फांदीवर झोपेन. बाहेर हवा छान असते."

थंडीचे दिवस होते. पहाटे धुके इतके दाट पडे की पानांवरून पाणी ठिबके. थोरला पाच रात्री बाहेर झोपला. सहाव्या दिवशी त्याला खोकला झाला, आठव्या दिवशी ताप भरला. दहाव्या दिवशी त्याने उंबर तोंडात घेतले आणि तसेच बाहेर टाकले.

धाकट्याने त्या दिवशी पहिल्यांदा आपली मोरपिसे खाली फेकली आणि दादाला घरट्यात आत निजवले. पण खोकला आत शिरलेला होता. थोरल्याचा श्वास वाळक्या पानांवरून कुणी पाय ओढत चालावे तसा वाजत होता. तो आवाज धाकट्याने कधी ऐकला नव्हता आणि त्याला तो सहन होईना.

शेजारच्या झाडावर एक म्हातारी वानरीण राहत असे. तिला झाडपाल्याची माहिती होती. ती आली, तिने थोरल्याच्या छातीला कान लावला, मग पाठीला लावला.

"मावशी, बोल ना!" धाकटा म्हणाला.

"जुना मध चाटवायला हवा," वानरीण म्हणाली. "नवा नाही चालणार. वर्षभर मुरलेला, काळसर. तो अस्वलाकडे असतो."

"आत्ता आणतो!"

"थांब! त्याची किंमत ठाऊक आहे? टोपलीभर मोहफुलं. आहेत तुझ्याकडे?"

धाकट्याने सगळी घरटी उपसली. मग तो सहा काटे, कवचे आणि शंख घेऊन दुकाना-दुकानांतून फिरला. साळिंदर म्हणाले, "सवलतीचा माल परत घेत नाही." खेकडा म्हणाला, "सवलतीचा माल परत घेत नाही." मोराने तर मान वळवूनही पाहिले नाही.

"ऐक," तो परतल्यावर वानरीण म्हणाली. "नवी पोळी लागण्याआधी अस्वल जुना मध काढून टाकतं. वर्षातून एकच दिवस. त्या दिवशी मूठभर उंबरांत एक द्रोण मिळतो. तो दिवस जवळ आलाय. अस्वलाचा शिंजीर येऊन सांगेल. पान टोचलंयस ना तिथे?"

"मावशी, मी सगळीकडे टोचलंय!"

"मग आता कान उघडे ठेव. एवढंच कर."

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. त्याचा आवाजही त्याच्याएवढाच. आणि त्या झाडावर तर रोज सेहेचाळीस पक्षी ओरडत. धाकटा त्यांना हाकलू लागला, तर त्यांना वाटले की हा पुढे येऊन विचारतो आहे, म्हणून ते अधिकच जोरात ओरडू लागले. थोरल्याचा जरा डोळा लागला की पोपट किंचाळे, आणि तो दचकून जागा होऊन खोकू लागे.

दोन दिवस धाकट्याने कान टवकारून काढले. तिसऱ्या सकाळी सुगरणीचा पक्षी ओरडला, "ऊबदार घरटी! आज अर्ध्या किमतीत! थंडीपासून बचाव!"

ऊबदार! हा शब्द ऐकला आणि धाकट्याने फांदी सोडली. दादाला ऊब मिळेल. त्याने उरलेल्या सगळ्या शेंगा तोंडात धरल्या आणि तो निघाला. दुपारी तो घरटे घेऊन परत आला. विणकाम सुरेख होते. पण सुगरण चिमणीएवढी असते. थोरल्याने घरट्याच्या तोंडात पाय घालून पाहिला. फक्त पंजा आत गेला.

"छान आहे रे," थोरला क्षीण आवाजात म्हणाला. "अशी अजून तीन आण. चारही पायांत घालीन." आणि तो हसला. हसता हसता त्याला अशी ढास लागली की ती थांबेचना.

ढास थांबली तेव्हा वानरीण धावत आली. "अरे, तू इथे काय करतोयस? सकाळी शिंजीर येऊन गेला! याच फांदीवर बसून त्याने तीनदा सांगितलं. मी पलीकडे होते, या गोंधळात मला धड ऐकू येईना, आत्ता कुठे खाली विचारून आले. मध आज आहे. सूर्य मावळेपर्यंतच आहे!"

धाकट्याने उडी मारलीसुद्धा.

"अरे उंबरं!" वानरीण ओरडली. "सवलत आहे, फुकट नाही! रिकाम्या हातांनी कुठे निघालास?" आणि तिने आपल्याजवळची मूठभर उंबरे पानात गुंडाळून त्याच्याकडे फेकली. त्याने ती हवेतच झेलली.

तो इतका वेगाने कधी धावला नव्हता. वाटेत दोनदा त्याची फांदी चुकली. डोंगराच्या कपारीत अस्वलाचे दुकान होते. तो पोहोचला तेव्हा गर्दी पांगली होती आणि अस्वल रिकामी मडकी धूत बसले होते. सूर्य डोंगराला टेकला होता.

"काका! मध! माझा दादा..." त्याला धाप लागली होती.

"जुना मध संपला," अस्वल म्हणाले. "आता उरलाय तो पान टोचलेल्यांचा वाटा. तो वाटा दिवस मावळेपर्यंत मी दुसऱ्या कुणाला देत नाही."

"माझं पान आहे! बघा ना!"

अस्वल उठले. झुडपाजवळ जाऊन त्याने एकेक पान उलटून पाहिले. "तुझं पान नाही. पावसाळ्यात तू आला होतास, मला आठवतं. पळत आलास, नुसतं खोचलंस आणि पळत गेलास. ते पहिल्याच वाऱ्याला उडालं. सत्तेचाळीस ठिकाणी पान लावणारा परत येऊन बघत थोडाच बसतो?"

धाकटा खाली बसला. उंबरांची पुडी त्याच्या पंजातून गळून पडली. मग त्याच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती येताच तो उभा राहिला.

"पण काका, माझं पान नाही, तर शिंजीर आमच्या झाडावर आला कसा?"

अस्वल थांबले. त्याने पुन्हा झुडपात हात घातला आणि अगदी आतल्या, वारा न लागणाऱ्या काट्यावरचे एक पान पुढे ओढले. ते नुसते टोचलेले नव्हते, वेलीच्या सालीने घट्ट बांधलेले होते. पान पिवळे पडले होते, पण जागचे हलले नव्हते. त्याच्यावर दोन दातखुणा होत्या. एक मोठी आणि तिच्या शेजारी एक बारीकशी.

"हे तुझ्या भावाचं," अस्वल म्हणाले. "रानात त्याचं एवढं एकच पान आहे. दरवर्षी येतो, जुनं सोडतो, नवं बांधतो. मोठी खूण त्याची. बारीक खूण तो दातांच्या टोकाने जपून करतो. मी एकदा विचारलं, ही कुणाची? तर म्हणाला, 'माझ्या धाकट्याची. लहानपणी त्याला थंडीत फार खोकला व्हायचा. आता होत नाही, पण झालाच तर?'"

धाकट्याने ते पान हातात घेतले. त्याने दोन्ही खुणांवरून अगदी सावकाश बोट फिरवले. असे त्याच्या आयुष्यात क्वचितच झाले होते.

अस्वलाने दोन द्रोण भरून पुढे ठेवले. "दोन खुणा, दोन वाटे. मूठभर उंबरांत एक. दुसऱ्याची उंबरं उद्या दिलीस तरी चालेल."

धाकट्याने पुडी उचलून दिली. "एकच द्या, काका. दुसरा ज्याला हवा त्याला द्या. मला खोकला नाही."

अस्वलाने त्याच्याकडे निरखून पाहिले. "सवलतीत आहे बरं का," ते म्हणाले.

"असू द्या."

द्रोणाचा देठ दातांत धरून तो परत निघाला. आता त्याला पळता येईना. एकेक फांदी बघून, पाय रोवून जावे लागे. वाटेत टकाचोर भेटला. "मोरपिसं! एकावर दोन फुकट! फक्त आज!" धाकट्याचे तोंड मिटलेले होते. तो सावकाश टकाचोरासमोरून निघून गेला. टकाचोर बघतच राहिला.

रात्री उशिरा त्याने मधाचे पहिले बोट थोरल्याच्या जिभेवर टेकवले.

दुसऱ्या दिवशी, वानरीण थोरल्याजवळ बसलेली असताना, धाकटा रानभर हिंडला आणि त्याने आपली उरलेली पाने एकेक करून काट्यांवरून काढली. साळुंकी रागावली. पोपट म्हणाला, "पस्तावशील! शेवटचा दिवस!" धाकटा म्हणाला, "तुझा असेल." संध्याकाळी ते झाड इतके शांत झाले की उंबर खाली पडले तरी ऐकू येई. त्या शांततेत धाकटा कान लावून बसला. दादाचा श्वास अजून घरघरत होता, पण कालच्याइतका नाही. तो मोजत बसला नाही. नुसता ऐकत राहिला.

तिसऱ्या सकाळी आतून आवाज आला.

"अरे, काही खायला आहे का? की घरात नुसते काटेच आहेत?"

धाकटा हसला आणि रडला, दोन्ही एकदम. मग तो उंबरे आणायला इतक्या घाईने धावला की घरट्याच्या दारातच अडखळून पडला. वानरीण पलीकडच्या झाडावरून म्हणाली, "हा काही सुधारायचा नाही." पण तिनेही डोळे पुसले.

थोरला हिंडूफिरू लागल्यावर दोघे मिळून अस्वलाकडे गेले. सोबत एक नवे, रुंद पान होते. धाकट्याने ते चावले, ठसठशीत. मग शेजारी दातांच्या टोकाने जपून एक बारीक खूण केली आणि वेलीच्या सालीने पान घट्ट बांधले.

"ही बारीक खूण कुणाची?" थोरल्याने विचारले.

"तुझी."

"माझी एवढीशी?"

"यंदा तू आजारी होतास ना. यंदा थोरला मी."

"बरं," थोरला म्हणाला, आणि त्याने गाठ एकदा ओढून पाहिली. ती पक्की बसली होती.

तात्पर्य : प्रत्येक सवलतीच्या हाकेमागे धावणाऱ्याला नेमकी गरजेची हाक ऐकू येत नाही. म्हणून जे खरोखर लागणार आहे त्याचीच खबर ठेवावी, ती नीट बांधून ठेवावी, आणि घरातल्या माणसाचा श्वास ऐकू येईल एवढी शांतता घरात राखावी.