चौरंगावरची शिकाऊ

आमच्या पालवाडीत लेस शिकवणारी बाई जमिनीवर बसते आणि शिकणारी चौरंगावर. पाहुण्यांना वाटतं, हात नीट दिसावेत म्हणून. तसं नाही. सांगायला लाज वाटते, कारण ज्या एस्कोलिनपासून हे सुरू झालं, ती आमच्याच घराण्यातली.

वसईच्या किनाऱ्यावर फार पूर्वी मठातल्या सिस्टरांनी बायकांना लेस शिकवली, असं सांगतात. क्रोशाची लेस एका पावसाळ्यात हातात बसे. गाठींच्या लेसला वर्ष जाई. पण उशीवरची लेस म्हणजे चाळीस लाकडी काड्यांना गुंडाळलेले दोरे उशीत खोचलेल्या टाचण्यांभोवती फिरवायचे. भल्याभल्या बायका ती अर्ध्यात सोडत. गावात ती एकट्या एस्कोलिनला येई. देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, वेदीचं वस्त्र दरवर्षी तीच करी.

मिठागरात राबणारी रेमेदी तिच्याकडे शिकायला आली. तिचे हात मिठाने फाटलेले, पण बोटं विलक्षण चपळ. ही आपल्यापुढे जाईल, असं एस्कोलिनला वाटलं. कोपरा वळवताना दोऱ्यांना दोन पीळ द्यायचे असतात. तिने एकच दाखवला. रेमेदीचा कोपरा दरवेळी आखडे. एस्कोलिन म्हणे, "तुझे हातच जड, पोरी." चार वर्षं रेमेदी उसवत राहिली, पुन्हा विणत राहिली.

मग एस्कोलिनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि सणाचं वस्त्र रेमेदीकडे आलं. वेदीवर पसरलं, तर चारही कोपरे आखडलेले. बायका हसल्या. रेमेदी सगळ्यांपुढे हात जोडून म्हणाली, "बायने जीव तोडून शिकवलं. माझेच हात वाईट."

ते ऐकून एस्कोलिन चाचपडत पुढे आली, म्हणे. खांबाला धरून ती म्हणाली, "हात चांगले आहेत तिचे. मीच तिला खोटं शिकवलं."

रेमेदी एवढंच बोलली, "चार वर्षं, बाय."

तरीही ती दुसऱ्या दिवशी तिच्याकडे शिकायला गेली. एस्कोलिनने तिला चौरंगावर बसवलं, स्वतः मातीत बसली आणि खालच्या मानेने दुसरा पीळ सांगितला. कोपरा त्याच दुपारी जमला. बोटांनी चाचपून एस्कोलिनला तो कळला, आणि ती तोंडावर पदर घेऊन रडली.

आजही पालवाडीत शिकाऊ मुलीचा टाका चुकला, की शिकवणारी आधी विचारते, "बाय, मी तुला काय चुकीचं दाखवलं?"