फक्त 'मेन' आण

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे मी नव्हतो, पण मला सांगणारा होता. आणि नीट आठवलं तर तोही त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता.

एका गावात शशिशेखर नावाचा एक प्रोग्रामर होता. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला कधी सोडायचं, हे ठरवणारा प्रोग्राम तो आणि त्याच्या हाताखालचे तिघे लिहीत. सगळ्यांचं काम दूरच्या सर्व्हरवर राही, प्रत्येक कामाची ब्रँच, म्हणजे फांदी, वेगळी; तपासून पक्कं झालेलं काम 'मेन' या मुख्य ब्रँचमध्ये जाई. 'फेच' केलं की तिथलं नवं काम आपल्या संगणकावर येई.

तेव्हा गावातलं नेट असं, की सोमवारी निघालेली फाईल गुरुवारचा बाजार करून यायची. वैतागून शशिशेखरनं सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली: फक्त 'मेन' ब्रँच आण. फेच झटपट होऊ लागलं. पुढे वेगवान नेट आलं. ओळ तशीच राहिली, आणि तो ती विसरून गेला.

एकदा प्रोग्राम बिघडला. कालव्याच्या टोकाची शेतं कोरडी राहू लागली. दुरुस्ती नव्यानं लागलेल्या मेहरूनकडे आली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, काम झालं. कालच सर्व्हरवर टाकलंय. 'टोकाची-शेतं' नावाची ब्रँच."

शशिशेखरनं फेच केलं. ब्रँच दिसेना.

"अशी ब्रँचच नाही."

"आहे, सर."

"अहो मॅडम, तीनदा फेच केलं! थाप मारायची तर जरा पचेल अशी तरी मारा. उद्यापासून येऊ नका."

मेहरूननं पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाली, "जाते. फक्त तुमची फेचची सेटिंग एकदा मोठ्यानं वाचा."

"फक्त मेन..." त्यानं वाचलं.

"कुणी लिहिलीय, सर?"

"मीच."

त्यानं ओळ बदलली. सगळ्या ब्रँच आण, असं लिहिलं. 'टोकाची-शेतं' आली, कालच्या तारखेची. तिच्या मागोमाग आणखी एक आली, वर्षभर जुनी, पूर्वी हाताखाली असलेल्या दामोदरची. काम न करता थाप मारतो, याच आरोपावरून शशिशेखरनं त्याला काढून टाकलं होतं.

त्यानं मेहरूनची माफी मागितली. मग दामोदरला फोन लावला आणि त्याचीही मागितली.

तात्पर्य: जे आपण मागवलंच नाही, ते जगातच नाही असं म्हणू नये, आधी आपली मागणी वाचून पाहावी.

आता कबूल करतो. दामोदरला फोन केला, एवढं मी पदरचं घातलं. बाकी सगळं घडलेलं आहे.