तांबूचा फणस

डोंगरांना नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. पाणी आटलं म्हणून वानरांचा कळप घाटापलीकडच्या तळ्याकडे निघाला. तांबू वानरीने वाटेत खायला एक भलामोठा फणस कवटाळला. पोटाशी जागा उरली नाही, म्हणून तिचं पिल्लू मागून चालू लागलं.

म्हातारा झिपरू मोकळाच निघाला. "आजोबा, उपाशी मराल!" तांबू हसली.

"वाटेत उंबर कुठे पिकलेत, ते आधीच बघून आलोय गं."

कड्यावर पिल्लाचा पाय घसरला. त्याने आईकडे हात केला, पण तिच्याने फणस सोडवेना. झिपरूने झेप घेऊन पिल्लाला धरलं.

तळ्याकाठी शरमेने तांबूला कुणाकडे बघवेना. फणस टाकून तिने हात पसरले. "ये, बाळा."

"आता कशाला?" पिल्लू म्हणालं. "आता मी पडत नाहीये."